सायकल आणि सोबत

डिसेंबर जवळ आला की पुण्या-मुंबईच्या सायकलवाल्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. रेवसपासून रेड्डीपर्यंत समुद्राच्या कडेकडेने जाणारा रस्ता यंदा करायचाच, पण कुणाबरोबर? रजा किती, सायकल कोणती, सामान किती, मुक्काम कुठे, या प्रश्नांची उत्तरं नकाशा आणि कॅलेंडर पुढे घेऊन बसलं की मिळतात. सोबतीचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा विचार न करताच सुटतो. मित्रांचा गट तयार असतो म्हणून गटाने जायचं, किंवा कुणाचीच रजा जुळत नाही म्हणून नाइलाजाने एकट्याने जायचं, किंवा घरचे एकट्याने नको म्हणतात म्हणून जायचंच नाही. सायकलच्या सुट्टीचं बरं-वाईट सगळ्यात जास्त या एका गोष्टीवर ठरतं, आणि तीच आपण योगायोगावर सोडतो, हे मला पटत नाही. माझं स्वतःचं उत्तर सरळ आहे. कोकणच्या किनाऱ्यासारखा वस्तीचा, आपल्या भाषेचा रस्ता असेल तर घरून एकट्याने निघावं. सोबत हवीशी वाटली तर ती वाटेत घ्यावी, घरून बांधून नेऊ नये.

आधी रस्त्याकडे बघू. समुद्राकाठचा म्हणजे सपाट असणार, असं नकाशा बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात दर दोन-तीन तासांनी या रस्त्याचा तोच क्रम पुन्हा सुरू होतो. माडा-पोफळींतून जाणारं गाव, गाव संपताच जांभ्या दगडातून वळत जाणारा चढ, वर उघडाबोडका सडा, सड्यावर ऊन आणि वारा, मग पुढच्या खाडीकडे धावणारा उतार आणि खाली जेट्टी. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड, अशा फेरीबोटींनी खाड्या ओलांडत हा रस्ता दक्षिणेला सरकतो. चढ उंचीने फार नसतात, शंभर-दीडशे मीटरचे. पण ते अंगावर येणारे असतात आणि दिवसातून पुन्हा पुन्हा येतात. मागे सामान लादलेली सायकल अशा चढावर ताशी सहा-सात किलोमीटरवर येते. त्या वेगात प्रत्येकाची आपली एक लय असते. पायातली ताकद, अंगाचं वजन, गिअरचे दाते, सकाळी पोटात काय गेलं आहे, यावर ती ठरते. मागच्यासाठी ती लय मोडून हळू जाणं हे जोरात जाण्याइतकंच दमवतं, कारण वेग आणखी उतरला की तोल सांभाळण्यातच जीव जातो. त्यामुळे चढावर कुणी कुणाबरोबर नसतं. उतारावर तर नसावंच. वळणावर वाळू पसरलेली असते आणि पुढच्याने ब्रेक दाबला की मागचा त्याच्यावर जातो. राहिली सपाटी. तिथे शेजारी शेजारी चालवत गप्पा मारायच्या म्हटलं तर समोरून एसटी आली की एकाला मागे व्हावंच लागतं, इतका तो रस्ता अरुंद आहे. म्हणजे सोबतीने निघालेली माणसंही दिवसाचे पाच-सहा तास एकेकटीच पायडल मारत असतात. त्यांची सोबत असते ती थांबण्यापुरती.

आणि गटाचं बिनसतं तेही थांबण्यातच. सहा जण निघाले आहेत असं धरू. बारा चाकांपैकी एक बसलं की अकरा चाकं उभी राहतात. एकाला चहा हवा असतो, एकाला सावली, एकाला फोटो. एकाचं खोगीर खाली सरकलेलं असतं, एकाला ऑफिसचा फोन येतो. यातली कोणतीही गोष्ट गैर नाही. प्रत्येक थांबा दहा-पंधरा मिनिटांचा असतो, पण सहा जणांचे थांबे एकमेकांत मिसळत नाहीत, ते एकापुढे एक जोडले जातात. म्हणून गटाचा वेग हा गटातल्या सगळ्यात हळू माणसाचा वेग असतो हे जे म्हणतात, ते अपुरं आहे. तो त्याहूनही कमी असतो. पण खरा अन्याय वेगळाच आहे आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पुढचे दोघे-तिघे सड्यावर पोचतात, सायकली कुंपणाच्या चिऱ्यांना टेकवून सावलीत बसतात, पाणी पितात, केळी खातात. वीस मिनिटांनी मागचा माणूस घामाघूम होऊन वर येतो. त्याला बघताच पुढचे आनंदाने उठतात, कपडे झटकतात आणि म्हणतात, "चला, आलास? निघू या." ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच वाट्याला ती सगळ्यात कमी येते. पुढच्यांना आपण थांबून उपकार केल्यासारखं वाटतं, मागच्याला आपलं ओझं झाल्यासारखं. तिसऱ्या दिवशी तो मागचा माणूस समुद्राकडे बघतही नाही. पुढे गेलेल्यांचे शर्ट दिसतात का एवढंच बघतो. चांगल्या मित्रांच्या गटातही हे होतं, किंबहुना मित्रांच्याच गटात जास्त होतं, कारण परक्या माणसाला "तुम्ही पुढे व्हा" असं सहज सांगता येतं, मित्राला सांगताना जीभ अडखळते.

यावर सायकलीची जाण असलेले लोक एक शास्त्रीय मुद्दा काढतात. पुढच्याच्या मागे चिकटून चालवलं की वारा तो अंगावर घेतो, मागच्याचे कष्ट बरेच वाचतात. शर्यतीत सगळे थव्याने जातात ते काही उगाच नाही. मुद्दा खरा आहे, पण तो या रस्त्याचा नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी तीस किलोमीटरला जेवढा विरोध, त्याच्या चौथा हिस्सा ताशी पंधराला. शर्यतीतला गडी चाळीस-पंचेचाळीसने जात असतो, तिथे पुढच्याची पाठ म्हणजे जीव की प्राण. सामान घेऊन सुट्टीवर निघालेला माणूस सपाटीवर पंधरा-अठराने जातो आणि चढावर सातने. चढावर त्याची झुंज गुरुत्वाकर्षणाशी असते, आणि तिथे कुणाच्याही पाठीचा उपयोग नसतो. सड्यावर समोरचा वारा सुटला तर थोडा फायदा होईल, एवढं मान्य. पण उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला हिवाळ्यात दुपारनंतरचा वारा बहुतेक वायव्येकडून येतो, म्हणजे तो पाठीशी किंवा तिरका असतो. तेवढ्यासाठी सहा जणांनी आठवडाभर एकमेकांच्या मागच्या चाकावर नजर ठेवून जावं, हा सौदा मला महाग वाटतो.

आता इतिहासाकडे वळू, कारण या प्रश्नाचा एक फार चांगला पुरावा मुंबईतच घडलेला आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतल्या एका वेटलिफ्टिंग क्लबचे सहा तरुण पारशी सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. सगळे एका शहरातले, एका समाजातले, एकाच तालमीतले. ओळख, विश्वास, शारीरिक तयारी यांपैकी कशाचीच उणीव नव्हती. त्यांच्यातला एक जण इराणमधूनच परत फिरला. एक अमेरिकेत गेल्यावर तिथेच राहिला. आणखी एकाने अमेरिकेतच मोहीम सोडली. मार्च १९२८ मध्ये, सुमारे ७१,००० किलोमीटर करून, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे मुंबईत परतले. त्यांच्या प्रवासाच्या पुस्तकाला पुढे जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. हे सहा जण घराबाहेर पडल्यानंतर तीनच महिन्यांनी, जानेवारी १९२४ मध्ये, फ्रामरोज दावर नावाचा आणखी एक मुंबईकर पारशी निघाला. तो एकटा होता. एकट्यानेच तो व्हिएन्नापर्यंत गेला. तिथे त्याला गुस्ताव नावाचा एक ऑस्ट्रियन सायकलवाला भेटला आणि दोघांनी पुढचा प्रवास एकत्र करायचं ठरवलं. सहारा, अँडीज, ॲमेझॉनचं जंगल असले अवघड टप्पे या जोडीने केले आणि १९३१ पर्यंत ते एकमेकांबरोबर होते. एक मुंबईचा, एक व्हिएन्नाचा. ना धर्म एक, ना देश. तालमीतले सहा जण निम्मे गळले आणि रस्त्यावर भेटलेले दोघे वर्षानुवर्षं टिकले.

दोन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे, आणि यातला पहिला दाखला माझ्याविरुद्धही वापरता येईल. तीन जण गळले, पण तीन जण साडेचार वर्षांच्या आसपास टिकले, तेही वाळवंटात आणि बर्फात! एकट्याने त्यांना ते जमलं असतं का? कदाचित नसतं. पण ते सुट्टीवर निघालेले नव्हते. त्यांच्यापुढे पृथ्वीप्रदक्षिणा हे एकच लक्ष्य होतं, आणि कुरबुर झाली की त्या लक्ष्याकडे बोट दाखवता येत होतं. मोहिमेत माणूस सहन करतो, कारण सहन करण्यासाठीच तो निघालेला असतो. सुट्टीला असलं लक्ष्य नसतं आणि नसावं. कुणकेश्वरला दुपारी दोन तास पडून राहायचं की मालवण गाठायचं, याचा निवाडा करणारं मोठं काही तिथे नसतं. फक्त तुमची इच्छा आणि माझी इच्छा असते. दावरच्या उदाहरणात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्याने सोबती निवडला तेव्हा दोघेही सायकलवर मुरलेले होते. घरी आपण मित्र निवडतो तो बोलण्यासाठी, स्वभावासाठी, जुन्या आठवणींसाठी. रस्त्याला लागतो तो वेगळा माणूस. साधारण आपल्याइतकाच वेग असलेला, आपल्याबरोबरच भूक लागणारा, पहाटे उठणारा किंवा न उठणारा. हे गुण दिवाणखान्यात कळत नाहीत. दापोलीच्या अलीकडच्या चढावर कळतात, आणि तोवर परतीची तिकिटंसुद्धा एकत्र काढलेली असतात.

इथे मराठी माणसाच्या मनात एक आक्षेप येईल आणि यायलाच हवा. आपल्याकडे प्रवास म्हणजे सोबतच. शतकानुशतकं लाखो माणसं आळंदीहून आणि देहूहून पंढरपूरला एकत्र चालत जातात, आता नाशिक-पुण्याहून सायकलवारीही निघते. मग गट जमत नाही असं कसं म्हणता? वारी जमते, आणि ती का जमते हे नीट बघण्यासारखं आहे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या पालखीला जी शिस्त लावली तिच्यात कुणी कुठे चालायचं हे ठरलेलं आहे. रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीचा क्रमांक. मुक्काम ठरलेले, विसावे ठरलेले, कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे तेही ठरलेलं. तक्रारीचीसुद्धा रीत आहे. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या जमतात, चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, तोडगा निघतो, मग आरती होते. लाखोंच्या मेळ्यात कुणाला दर दोन तासांनी "आता काय करायचं?" हे विचारावं लागत नाही. ब्रेवे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी; तिची गोष्टही तशीच. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे चाळीस तासांत, मधले कंट्रोल, म्हणजे नोंदीचे थांबे, ठरलेले, बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर. शंभर जण एका वेळी निघतात आणि कुणी कुणासाठी थांबलाच पाहिजे असं बंधन नसतं. ज्याचं जुळतं तो जुळवून घेतो, नाही जुळलं तर पुढे जातो, आणि त्यात कुणी रुसत नाही. म्हणजे गट टिकतो तो निर्णय गटाच्या हातात नसतात तेव्हा. चार मित्रांच्या सुट्टीत नेमकं उलट असतं. तिथे ना हैबतबाबांची शिस्त, ना चोपदार, ना कंट्रोलची वेळ. सगळं सामोपचाराने, म्हणजे प्रत्येक फाट्यावर नव्याने.

हे झाले गटाच्या विरुद्धचे मुद्दे. पण एकट्याने जाण्याच्या बाजूचं माझं खरं कारण यापेक्षा वेगळं आहे, आणि ते रस्त्यावरच्या माणसांशी निगडित आहे. तवसाळच्या धक्क्यावर फेरीबोट पलीकडे गेलेली असते. ती परत येईपर्यंत अर्धा-पाऊण तास काही करायचं नसतं. सहा जण तिथे पोचले तर काय होतं ते आपण पाहिलेलं आहे: सायकली एका रांगेत उभ्या राहतात, बिस्किटांचे पुडे फुटतात, गप्पांचं कोंडाळं होतं आणि धक्क्यावरची बाकीची माणसं त्या कोंडाळ्याकडे लांबून बघतात. तिथे एकटा माणूस पोचला तर दोन मिनिटांत कुणीतरी विचारतं, "खंयसून इलात?" किंवा "कुठून आलात? एकटेच?" मग टायर दाबून बघितला जातो. गिअर किती, किंमत किती, घरचे काही बोलत नाहीत का. टोपलीवाली मावशी पलीकडच्या बाजाराला निघालेली असते, तिच्याकडून कळतं की जयगडच्या धक्क्यावरून वर गेलं की पहिला चढ वाईट आहे, पण मग गणपतीपुळ्यापर्यंत फारसा त्रास नाही. बोटीवर चढताना लोखंडी उताराचं तोंड ओलं असतं, मागचं चाक घसरतं, आणि कॅरिअरला हात लावायला न सांगता कुणीतरी पुढे येतं. घरगुती खानावळीतही तोच फरक. सहा जणांसाठी अंगणात टेबल मांडतात, ताटं बाहेर येतात, हिशेब होतो. एकट्याला पुष्कळदा माजघरातच पाट किंवा खुर्ची मिळते, सोलकढी दुसऱ्यांदा विचारली जाते, आणि जेवता जेवता कळतं की मुलगा मुंबईला आहे, यंदा आंबा उशिरा मोहरला, आणि खाडीवर पूल झाला की फेरीबोटीवरच्या पोरांनी काय करायचं हा प्रश्न गावाला पडलेला आहे. गटाने जाणारा माणूस आपल्या शहराचा एक तुकडा बरोबर घेऊन फिरत असतो. तो गुहागरला जेवतो, पण बोलतो कोथरूडबद्दल. सायकल हे वाहनच असं आहे की ते माणसाला उघड्यावर आणतं, काच नाही, छप्पर नाही. मोटारीची काच टाळायची म्हणून सायकल घ्यायची आणि मग मित्रांची भिंत उभी करायची, यात सुट्टीचा अर्धा अर्थ हरवतो.

एकट्याने गेलं आणि सायकल बिघडली तर? या काळजीला जितकी जागा दिली जाते तितकी तिची लायकी नाही. दोन ट्यूब, पॅच, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप, चेन तोडायचं हत्यार आणि चेन जोडायची एक सुटी कडी, सगळं मिळून किलो-सव्वा किलोच्या आत बसतं, आणि पंक्चर काढणं, तुटलेली चेन जोडणं हे घरी बसून एका दुपारी शिकता येतं. तालुक्याच्या गावात शहरी सायकलीच्या बारीक व्हॉल्व्हची ट्यूब मिळणार नाही, म्हणून ती जवळ हवी. पण पंक्चरचं दुकान मिळतंच, आणि काही न जमल्यास टेम्पो मिळतो. उलट गटात प्रत्येकाला वाटतं की पंप दुसऱ्याकडे असेल. अपघाताची गोष्ट मात्र वेगळी. ती हसण्यावारी नेऊ नये. उतारावर पडून हाड मोडलं तर जवळ माणूस असणं केव्हाही बरं. पण किनाऱ्याच्या रस्त्यावर गावं काही किलोमीटरांच्या अंतराने आहेत आणि दिवसाउजेडी रस्त्याला वर्दळ असते. रोज सकाळी मार्ग आणि मुक्काम घरी कळवून निघणं, सूर्य मावळायच्या आत पोचणं, उतारावर वेग आवरता ठेवणं, याने धोका शून्य होत नाही, पण आटोक्यात येतो. मागून वेगात येणाऱ्या गाडीचा जो धोका आहे तो तर गटातल्या प्रत्येकालाही असतोच.

बाईने एकटीने जावं का, हा आक्षेप यातला सगळ्यात जड. पुरुषाने त्याला चटकन उत्तर देऊ नये. डर्व्हला मर्फी ही आयरिश बाई १९६३ च्या जानेवारीत, युरोपातल्या त्या भयंकर हिवाळ्यात, सायकलवरून एकटी भारताकडे निघाली आणि युगोस्लाव्हिया, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत दिल्लीला पोचली. तिच्याजवळ पिस्तूल होतं आणि ते तिला वापरावंही लागलं. पण त्या प्रवासातली तिची सगळ्यात मोठी दुखापत झाली ती एकटी सायकलवर असताना नव्हे. अफगाणिस्तानात ती बसमध्ये बसली होती, भांडण पेटलं, आणि बंदुकीच्या दस्त्याच्या तडाख्याने तिच्या बरगड्या मोडल्या. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत पुरी करून कोलकात्यात पोचली, बहुतेक प्रवास एकटीने. स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटलं गेलं. म्हणजे धोका खोटा नाही, आणि धैर्य असलं की धोका नाहीसा होतो असंही नाही. मी एवढंच म्हणेन की बाईचा हिशेब पुरुषापेक्षा वेगळा असतो, तो तिनेच मांडावा, आणि उत्तर "सोबत हवी" असं आलं तर त्यात कमीपणा मानू नये. फक्त "एकटी नको" हे उत्तर तिच्या वतीने दुसऱ्यांनी देऊन मोकळं होऊ नये. बायकांनी चालवलेली घरगुती निवासस्थानं किनाऱ्यावर पुष्कळ आहेत. आदल्या दिवशीच्या घरातून पुढच्या घरी फोन करून घेता येतो, आणि अशी माणसांची साखळी रस्त्यावर शेजारी सायकल चालवणाऱ्या मैत्रिणीइतकीच, कधी कधी तिच्याहून जास्त, आधार देते.

सोबत हवीच, असं मी जिथे ठामपणे म्हणेन तो रस्ता मनाली-लेहचा. त्यावरची टांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरहून उंच आहे. विरळ हवेने मेंदूवर परिणाम व्हायला लागला की माणसाची चाल बिघडते, बोलण्यात गोंधळ येतो, आणि नेमकं तेव्हाच तो "मला काही झालेलं नाही, पुढे चला" असा हट्ट धरतो. आपल्याला काय होतंय हे ओळखणारी बुद्धीच तिथे आजारी पडते. अशा ठिकाणी खाली उतर असं खडसावून सांगणारा दुसरा माणूस लागतो, आणि तो वाटेत भेटेल या भरवशावर निघता येत नाही. कोकणात अशी अवस्था येत नाही; उन्हाने डोकं दुखायला लागलं तर पहिल्या घराच्या पडवीत बसता येतं.

खर्चाचा मुद्दा मी निमूटपणे कबूल करतो. खोलीचं भाडं खोलीचं असतं, माणसाचं नसतं, आणि एकट्याला ते पूर्ण द्यावं लागतं. एकटेपणाचा मुद्दा थोडा जास्त बोलण्यासारखा आहे. दिवसा एकटेपणा जाणवत नाही, कारण पाय आणि डोळे कामात असतात. तो येतो संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान, आंघोळ झालेली असते, जेवणाला वेळ असतो, आणि आजचा सूर्यास्त कुणाला सांगावा हा प्रश्न पडतो. ही उणीव खरी आहे. पण तिच्यावर उपाय म्हणून दिवसभराची सोबत पत्करावी लागते, असं मुळीच नाही. मर्फीने आपली रोजनिशी हप्त्याहप्त्याने घरी मित्रांना पाठवली आणि त्यातूनच तिचं पुस्तक झालं. आज तर फोन खिशात आहे. आणि सांगायला कुणी शेजारी नसतं तेव्हा माणूस बघतो जास्त नेमकं, हेही तितकंच खरं. सूर्यास्ताला "वा!" म्हणून मोकळं होता येत नाही, तो लिहून किंवा बोलून कळवायचा तर वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूचा रंग नक्की कोणता होता, होड्या ओढून घेताना किती माणसं लागली, हे ध्यानात ठेवावं लागतं.

राहता राहिला एकच सोबती, नवरा-बायको असोत की दोन जुने मित्र. याला माझा विरोध नाही. दोघांचा प्रवास हा जमला तर सगळ्यांत सुंदर. मात्र दोघांनीही आधी एकेकदा एकट्याने जाऊन यावं असं मला वाटतं, म्हणजे आपला वेग कोणता आणि आपला हट्ट कोणता हे ज्याचं त्याला कळलेलं असतं. आणि मग निघताना रात्रीचा मुक्काम तेवढा एकत्र ठरवावा, दिवस ज्याचा त्याला मोकळा ठेवावा. एकाने पहाटे साडेपाचला निघावं, दुसऱ्याने घावन-चटणी खाऊन आठला. एकाने पूर्णगडाच्या तटावर बसावं, दुसऱ्याने खाडीत पोहावं. दोघांकडे आपापला पंप, आपापली ट्यूब, आपापले पैसे असावेत. फोन लागला नाही म्हणून घाबरायचं नाही, पण अंधार पडेपर्यंत माणूस आला नाही तर शोधायला निघायचं, एवढा एक करार पुरे.

ज्याने असा प्रवास कधीच केलेला नाही त्याने अख्खा रेवस-रेड्डी पहिल्याच खेपेला करायला जाऊ नये. गुहागरहून मालवणपर्यंतचा तुकडा चार-पाच दिवसांत सावकाश होतो. चिपळूणपर्यंत कोकण रेल्वेने सायकल ब्रेकव्हॅनमध्ये टाकून जाता येतं, आणि येताना कुडाळला गाडी पकडता येते. पहिल्या दोन रात्रींच्या खोल्या आधी सांगून ठेवाव्यात, पुढच्या ठेवू नयेत. तिसऱ्या दिवशी विजयदुर्गाच्या आसपास एखादा सायकलवाला त्याच दिशेने जाताना दिसला, आणि एक-दोन चढांवर तो फार पुढेही गेला नाही, फार मागेही राहिला नाही, तर देवगडला चहा घेताना त्याला विचारायला हरकत नाही की तुमचा आजचा मुक्काम कुठे.